डबल ई आणि डबल आर

गेले आठ दिवस आम्ही नागपूरच्या एका रिपोर्टची वाट पाहून राहिलो आहोत. माझ्या बहिणीला पाचवा महिना लागलाय. पोटातल्या बाळाला सिकलसेलचा आजार आहे की नाही, ते त्या कागदावर येणार. ही पाळी माझ्या इंग्रजीमुळे आली, असं मी स्वतःला सांगत होतो. कालपर्यंत.

मी अर्जुनी मोरगावला इंग्रजीची शिकवणी घेतो. करिअर आणि कॅरियर या दोन शब्दांवरून पोरांचं डोकं खातो. करिअरमध्ये डबल ई, म्हणजे माणसाचा पुढचा कामधंदा. कॅरियरमध्ये डबल आर, म्हणजे वाहून नेणारा, मग ते सामान असो की रोग. चुकलं की दहादा लिहायला लावतो. मोठा आलो शहाणा!

दोन वर्षांपूर्वी बहिणीच्या कॉलेजात एकाच आठवड्यात करिअर मार्गदर्शन झालं आणि सिकलसेलची रक्ततपासणीही. दोन्ही फॉर्मवर नंबर माझा. वडील गेल्यापासून आमच्याकडे सगळ्या कागदांवर माझाच नंबर असतो.

पुढे एका बाईंचा फोन आला. शेजारी मशीनवर धान काढणं सुरू होतं, धड ऐकू येत नव्हतं. "तुमची बहीण... कॅरियर... लग्नाच्या आधी पाहून घ्या," एवढंच कानावर पडलं. तिचं लग्न तिरोड्याच्या मुलाशी नुकतंच जुळलेलं. मला वाटलं, करिअर मार्गदर्शनवाली बाई आहे. माझं टाळकंच सरकलं. "तिचं करिअर आम्ही पाहून घेऊ. लग्न कधी करायचं, ते तुम्ही कायले सांगून राहिल्या?" असं म्हणून मी फोन कापला. बाईंनी आणखी दोनदा लावला, मी उचलला नाही. बहीण बाजूला तांदूळ निवडत बसली होती. कोणाचा फोन म्हणून तिने विचारलं. मी म्हणालो, "काही नाही, फालतू."

लग्न थाटात झालं. यंदा दिवस राहिल्यावर तिचं रक्त तपासलं, मग जावयाचं. डॉक्टर म्हणाले, दोघंही कॅरियर आहेत. त्यांना स्वतःला त्रास नाही, पण दोघांकडूनही बाळात उतरलं तर जन्मभराचं दुखणं. तो शब्द ऐकला आणि डोक्यात डबल आर उभा राहिला. ती फोनवरची बाई रक्ततपासणीवाली होती, ते तेव्हा कळलं. तेव्हापासून झोप नाही, जेवण गोड लागत नाही.

काल तिरोड्याला जाऊन बहिणीला सगळं सांगितलं. मशीनचा आवाज, दोन सारखे शब्द, डबल ई, डबल आर. बोलताना माझा आवाज शिकवणीतल्यासारखा झाला, ते मलाच कळत होतं. माझं बोलणं संपल्यावर ती म्हणाली,

"रक्त माझं होतं ना, दादा? मी तं बाजूलेच बसली होती. फोन मले काऊन नाही देला?"