आईने बटण उशिरा दाबलं

माझ्या फिटा कुणाला फिटा वाटत नसत. मी पडत नसे, हातपाय झाडत नसे. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं व्हायचं, जळक्या रबराचा वास यायचा आणि पुढची दोन मिनिटं माझ्या आयुष्यातून गायब व्हायची. शाळेतल्या बाई म्हणायच्या, "ही शून्यात बघते." एकदा त्यांनी त्याबद्दल मला बाकावर उभंही केलं होतं.

पुढे मावसबहिणीच्या लग्नात, चोपड्याला, मी पंगतीतच कोसळले. कुणी नाकाशी कांदा धरला, कुणी चप्पल. त्या दिवसापासून घराने फिट हा शब्द स्वीकारला. धुळ्यात मेंदूचा आलेख काढला, तो नॉर्मल आला. अर्ध्या तासाच्या त्या तपासणीत मला काही झालंच नव्हतं, मग आलेखात काय दिसणार? पण नातेवाइकांनी त्याचा अर्थ वेगळा लावला. मी सोंग करते, असं एक-दोघे बोलले. गोळ्या सुरू झाल्या, वाढल्या, बदलल्या. महिन्यातून चार-पाच वेळा व्हायचं ते होतच राहिलं.

मी बत्तीस वर्षांची असताना, धुळ्यातच देवपुरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करत असताना, माझ्या डॉक्टरांनी पुण्यातल्या एका हॉस्पिटलचं नाव काढलं. तिथे माणसाला काही दिवस ठेवून घेतात, डोक्याला वायरी लावून ठेवतात आणि फिट येण्याची वाट बघतात. ती मेंदूच्या कुठल्या भागातून सुरू होते ते सापडलं, तर तेवढा भाग काढून टाकता येतो का, याचा विचार करता येतो. आई माझ्याबरोबर आली. वडील जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

केस धुऊन, तेल न लावता यायला सांगितलं होतं. टेक्निशियनने टेपने डोकं मोजलं, पेन्सिलीने खुणा केल्या आणि एकेक वायर चिकटवून वर पट्टी गुंडाळली. खाटेसमोर कॅमेरा होता. आईच्या हातात एक बटण दिलं. "फिट सुरू झाली असं वाटलं की लगेच दाबायचं," नर्सने तिला दोनदा समजावलं. आईने मान हलवली आणि बटण पदराच्या टोकात धरून बसली.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी गोळ्या कमी केल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी विचारलं, "आली का?" आई अपराध्यासारखी म्हणाली, "नाही आली, साहेब." वीस वर्षं ती बुद्धवंदना झाल्यावर दोन मिनिटं जास्त बसायची, ते मला फिट येऊ नये म्हणून. आता फिट यावी म्हणून ती बसली होती. याचं आम्हा दोघींनाही हसू आलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी आई संत्रं सोलत होती. मला रबराचा वास आला. पुढचं मला आठवतं ते हे, की खोलीत नर्स आहे, डॉक्टर आहेत आणि संत्र्याच्या फोडी चादरीवर सांडल्या आहेत.

"तुमचं नाव काय? आत्ता आपण कुठे आहोत?" डॉक्टर मला विचारत होते. मी नाव सांगितलं. गाव चुकलं.

मग ते आईकडे वळले. "आई, बटण इतक्या उशिरा दाबलंत?"

आई म्हणाली, "पहिले पोर, मंग बटन."

डॉक्टर रागावले नाहीत. आलेखात सगळं आलं होतं, बटण नसतं दाबलं तरी चाललं असतं.

पुढच्या दोन दिवसांत आणखी दोन फिटा आल्या. वायरी काढायच्या आदल्या दिवशी मी टेक्निशियनला म्हटलं, मला बघायचंय. त्याने डॉक्टरांची परवानगी घेऊन चौथ्या दिवसाचं चित्रण लावलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. एका बाजूला वळवळणाऱ्या रेघा, दुसऱ्या बाजूला मी.

रेघा आधी बदलल्या. उजव्या कानाच्या वरच्या वायरींमध्ये दातेरी लाटा उठल्या, एकसारख्या. काही सेकंदांनी पडद्यावरची मी ओठ चाटू लागले. माझा उजवा हात चादर चिवडत होता, डावा ताठ होऊन वाकडा झाला होता. तो चेहरा माझा असून ओळखीचा नव्हता. एवढी वर्षं लोकांनी हेच बघितलं होतं तर.

मग चौकटीत आई आली. तिने संत्रं टाकलं, माझा ताठ झालेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला, पदराने माझी लाळ पुसली आणि बोलायला लागली. टेक्निशियनने आवाज वाढवला.

"काही नही व्हनं, बेटा. मी आठेच शे. बठ्ठं बरं व्हई. मी आठेच शे."

मी इथेच आहे, सगळं बरं होईल, हे ती आमच्या अहिराणीत संथपणे, न थांबता बोलत होती. मी फिटेतून बाहेर येताना ती गप्प झाली आणि तिने बटण दाबलं.

खोलीत परतल्यावर मी तिला विचारलं, "दर वेळी असंच बोलतेस?"

"मंग काय करसू? तुले कोठे ऐकू येस."

एमआरआयमध्ये त्याच जागी, उजवीकडे, एक जुना व्रण होता. लहानपणी तापात आलेल्या झटक्यांशी त्याचा संबंध असू शकतो, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर बाकावर आईने मला विचारलं, "मी उशीर कया का?" मी एक वर्षाची असताना ती मला तापात कडेवर घेऊन गावाहून चोपड्याला गेली होती आणि एस.टी. उशिरा आली होती. मी परत आत गेले आणि डॉक्टरांनाच बाहेर घेऊन आले. ते तिच्यासमोर उभे राहून म्हणाले, "तुमचं काहीही चुकलेलं नाही." तिने ऐकून घेतलं. पटलं की नाही, माहीत नाही.

चार महिन्यांनी ऑपरेशन झालं. त्याला आता तिसरं वर्ष चालू आहे. फिट आलेली नाही. गोळ्या आहेत, पण कमी. पूर्वी एकदा पाहिलेला चेहरा मी विसरत नसे, ऑपरेशननंतर नव्या विद्यार्थ्यांचे चेहरे लवकर लक्षात बसत नाहीत. मी कार्डावरचा फोटो बघून पुस्तक देते. मी स्वयंपाकघरात एकटी असले तर आई अजून बाहेरून काहीतरी विचारते, मीठ कुठे ठेवलं वगैरे, आणि मी उत्तर देते.

ग्रंथालयात बोलता बोलता मी थांबले की शेजारच्या टेबलावरची सहकारी हातातलं पेन खाली ठेवून माझ्याकडे बघते. मी फक्त एखादा शब्द आठवत असते.