एका ओढीत सुटणारी गाठ

‘सगळे देव एकच’ हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय, की रामनगरच्या बाजारात ते माझ्या, म्हणजे म्हादूच्या, किराणा दुकानात वजनावर मिळतं, अशी लोक माझी थट्टा करत. याच वाक्याच्या जोरावर मी इस्माईलचाचांचा भर मंडपात अपमान केला. चूक माझीच. ती आधी कबूल करतो, म्हणजे चाचांबद्दल मोकळेपणानं लिहिता येईल.

चाचा मंडप घालत. गणपतीचा, चर्चच्या फेस्ताचा, दर्ग्याच्या उरुसाचा, पार दिग्गीकडच्या लग्नांचासुद्धा. अंगानं काटकुळे, आवाज मात्र घाट चढणाऱ्या लॉरीचा. कामाच्या वेळी बांबूंशी भांडत. “ए वाकड्या! सासुरवाडीला आलास व्हय? सरळ हुबा ऱ्हा!” चहात साखर तीन चमचे, आणि कोणी बघत नसलं की चौथा.

काथ्याच्या दोरीची त्यांची गाठ वाऱ्यापावसात जराही हलत नसे, पण काम झालं की एका ओढीत सुटे. शिकायला आलेल्या पोरांना सांगत, “गाठ अशी मारा, की सोडताना तोंडात शिवी येऊ नये.”

बांबू सगळ्यांना तेच. आज उरुसाला उभा असलेला पुढे फेस्ताला जाई. कापडाच्या पेट्या मात्र तीन, आणि एकीतलं दुसरीत कधी जात नसे. एकदा फेस्ताला पांढरं कापड कमी पडलं. मी तिथंच उभा होतो. म्हणालो, “गणपतीचं पिवळं लावा की चाचा. देव एकच!”

“व्हय? मग तुझ्या लग्नात शेजाऱ्याच्या लग्नाची पत्रिका वाटली असती तर? लगीनबी सारखंच की!”

असं म्हणून ते घरी गेले, पलंगावरच्या दोन पांढऱ्या चादरी ओढून आणल्या आणि लावल्या. त्याबद्दल चाचीच्या शिव्या आठवडाभर खाल्ल्या.

मग मी गणपती मंडळाचा सेक्रेटरी झालो. पहिल्या दिवशी ताडपत्रीवर पाऊस वाजत होता. मी माइकवरून सर्वधर्मांवर भाषण ठोकलं आणि कोपऱ्यात दोऱ्या तपासत उभ्या असलेल्या चाचांना हाताला धरून पुढे ओढलं. “पहिली आरती चाचांच्या हातची!” मोबाइल वर झाले. मी टाळ्यांची वाट बघत होतो.

चाचांनी ताटाला हात लावला नाही. हात जोडले. त्यांचा इतका हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. “म्हादू, मंडप माझा, आरती तुमची. तुमच्या देवाला मान हाय माझा. पर ह्ये माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. माझं मन मला इचारंल.”

माझा चेहरा तापला. माइक चालूच होता. मी म्हणालो, “मग आमच्या देवावर छप्पर तरी कशाला घालता?”

चाचांनी चपला घातल्या आणि पावसात निघून गेले. विसर्जनानंतर येऊन त्यांनी मंडप सोडला. त्या दिवशी एकाही बांबूला शिवी दिली नाही.

पुढच्या वर्षी निरोप धाडला, तर उत्तर आलं, “तब्येत बरी न्हाई.” खानापुराहून लोखंडी पाइपांचा मंडप आला. पोरं खूश झाली. मी गल्ल्यावर बसून विचार करायचो. सगळे देव एक म्हणणारा मी; पण तो एक माझाच असावा, अशी माझी अट होती. देव एक असं चाचा कधीच म्हणाले नाहीत, आणि तिन्ही देवांवर छप्पर घालत आले.

शेवटी उरुसाच्या आदल्या दिवशी दर्ग्याकडे गेलो. चाचा शिडीवर होते. मी खालून बांबू धरला.

“हलवू नको. साखर तोलतोस व्हय?”

बरं वाटलं. काम संपल्यावर मी पुटपुटलो, “चाचा, त्या दिवशी माझं चुकलं.”

“बिडु,” ते कानडीत म्हणाले. सोड. मग म्हणाले, “गाठ जिथं मारली तिथंच सुटती, म्हादू. हितं ओढून काय उपेग?”

मी मान हलवली. तरी राहवेना. “खरं सांगा चाचा, देव एक की वेगळे?”

“वर गेल्याबिगर कसं कळणार? जो आधी पोचंल त्यानं दुसऱ्याला कळवायचं. मी म्हातारा हाय, पर तू जाडा हायस. बघू.”

पोचले तेच आधी, पुढच्याच हिवाळ्यात. अजून निरोप आलेला नाही.

पण त्याआधीचा गणपती त्यांनी पाहिला. मंडप पाइपांचाच होता. मी त्यांना एवढंच कळवलं होतं, की आरतीच्या वेळी रस्त्यापलीकडे येऊन उभे राहा. ते येतील याची खात्री नव्हती. निरांजनं पेटली तेव्हा समोर काळी छत्री दिसली. मी माइक घेतला. तो कुईं करून ओरडला.

“दोन वर्षांमागं मी याच जागी इस्माईलचाचांना नको ते बोललो. त्यांचा देव आणि माझा देव एकच का, मला ठाऊक नाही. ठाऊक असल्यासारखं वागलो. त्यांच्या मनाला न विचारता त्यांच्यापुढं ताट धरलं, आणि त्यांनी नाही म्हटल्यावर त्यांच्या कामावरूनच त्यांना टोमणा मारला. चाचा, माझं चुकलं. मला माफ करा.”

मान खाली घालून मी तसाच उभा राहिलो. तेवढ्यात छत्रीखालून लॉरीचा आवाज आला,

“ए वाकड्या! आरती थंड व्हायलीया. सरळ हुबा ऱ्हा!”