मामांचा डावा हात

मामा गेले, आणि तासाभरात त्यांच्या फोनवर नोटिफिकेशन आलं. एका जपानी रॉक बँडच्या ड्रमरचा नवा व्हिडिओ.

मी हॉस्पिटलच्या बाकावर बसले होते. हातातला त्यांचा फोन थरथरला आणि मी "आले मामा" म्हणून उठले.

आज वर्ष झालं.

माझे मामा, सेतुराव. तंजावरजवळच्या ओरत्तनाडूच्या सरकारी ऑफिसात आयुष्यभर क्लार्क, आणि शनिवारी भजनाला मृदंग. आई गेल्यापासून तंजावरच्या घरात आम्ही दोघंच. मी शाळेत शिकवते.

रिटायर झाल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांना स्ट्रोक आला. चालायला लागले, बोलायला लागले, पण डावा हात परत आला नाही. मृदंगाची डावी बाजू मुकी झाली.

मृदंग त्यांनी स्वतःच भजनमंडळीला देऊन टाकला.

मग कधीतरी फोनवर ती ड्रमर दिसली. विशीतली, बारीक अंगाची, एवढ्या मोठ्या ड्रमसेटमागे जेमतेम दिसणारी. बँडचं नाव मामांना कधी धड म्हणता आलं नाही. ते तिला "आमची पोरगी" म्हणायचे.

पहिल्याच आठवड्यात मला हाक मारून म्हणाले, "मालती, ही पोरगी डाव्या हातानं खोटं बोलते."

मला काही कळलं नाही. त्यांनी समजावलं. उजवा जोरात असला की डावा त्याच्या आवाजात लपतो, एकटा पडला की डळमळतो. मग तिचे सगळे जुने व्हिडिओ वर्षांप्रमाणे लावून ऐकले. डावा हात दर वर्षी थोडा थोडा सुधारत होता.

"हिला जमतं तर," एवढंच म्हणाले.

ऑनलाइन रबरी प्रॅक्टिस पॅड मागवला, दोन स्टिक्स मागवल्या. रोज दुपारी चार वाजता सुरू. टक. टक. बराच वेळ काही नाही. टक.

तिच्या फॅन्सचा एक ग्रुप होता. चिलीतला एक मास्तर तो चालवायचा. मामा त्यात शिरले. तिथे लोक तिच्या सेटचे फोटो झूम करकरून बघायचे. पेडल बदललं का, झांजा किती तिरक्या लावल्यात, स्टूल किती खाली घेतलं.

एकदा तिचा नवा स्नेअर ड्रम कशाचा आहे यावर दोन दिवस वाद चालला. मामांनी तुटक्या इंग्लिशमध्ये लिहिलं, पितळ आहे, आवाज आमच्या कुंभकोणमच्या भांड्यासारखा येतो.

महिन्याभरानं तिनंच मुलाखतीत सांगितलं. पितळ.

त्या दिवसापासून जगातले शेदोनशे लोक माझ्या मामांना अंकल म्हणायला लागले. मामांनी मला पहिला अंकलवाला मेसेज तीनदा वाचून दाखवला.

दोन वर्षं गेली. एका दुपारी तिचा नवीन कॉन्सर्ट बघताना मामांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे बघ. अत्ता डावा खरं बोलतो."

त्यांचे डोळे भरले होते. मी चहा करायला आत गेले.

गेल्या वर्षी ग्रुपनं ठरवलं, तिला बँडमध्ये दहा वर्षं झाली, म्हणून प्रत्येकानं तिचाच एक ठेका अर्धा मिनिट वाजवून पाठवायचा. सगळे तुकडे जोडून तिला भेट द्यायची.

बुधवारी मामांनी विचारलं, माझा व्हिडिओ काढशील का? मी पेपर तपासत होते. रविवारी काढू म्हटलं.

सरी, बरं, म्हणाले. रविवारी.

शुक्रवारी सकाळी दुसरा स्ट्रोक आला. दुपारपर्यंत संपलं.

दहावा झाल्यावर मी त्यांच्या फोनवरून ग्रुपला कळवलं. स्ट्रोकचं, हाताचं, सगळं लिहिलं. त्या माणसांना हाताचं काहीच माहीत नव्हतं. मामांनी कधी सांगितलंच नव्हतं.

मग चिलीतल्या मास्तरांनी लिहिलं, त्यांचा व्हिडिओ तर गुरुवारीच आला आहे. आणि मला पाठवला.

फोन त्यांनी डब्याला टेकवून ठेवला असावा. चित्र तिरकं, अर्ध्या भागात पंखाच. खाली मामा, बनियनवर, समोर पॅड.

वाजवायला लागतात. डावा हात आधी. सावकाश, मग लयीत. एकसारखा. कुठे डळमळत नाही. मी रोज त्याच घरात होते आणि मला पत्ता नव्हता की हात इथपर्यंत आलाय.

शेवटचे दोन-तीन ठोके उरलेत आणि आतल्या खोलीतून आवाज येतो.

"मामा, पोदुम! डोकं दुखतं माझं."

माझा आवाज. घरात आम्ही मराठीच बोलतो, पण चिडले की माझ्या तोंडून तमिळ येतं. पोदुम. पुरे.

मामांचा हात हवेतच थांबतो. दाराकडे बघतात. रागावून नाही. स्टिक्स आवाज न करता खाली ठेवतात. व्हिडिओ संपतो.

असं ओरडल्याचं मला आठवतही नव्हतं.

खाली त्यांनी इंग्लिशमध्ये लिहिलं होतं, मध्ये आवाज आल्याबद्दल क्षमा करा, भाचीचं डोकं दुखत आहे.

मास्तरांनी विचारलं, तुमचा आवाज कापून टाकू का?

दुसऱ्या दिवशी मी लिहिलं, नको. राहू दे.

सगळ्यांचा जोडलेला व्हिडिओ तिला पोचला. तिनं सगळ्यांचे आभार मानले. जगभरच्या लोकांनी तो बघितला, अजून बघतात. पोदुम म्हणजे काय, कोणी विचारलं नाही.

चार वाजता घरात अजून टक ऐकू येतं. भास असेल. मी पेन खाली ठेवते आणि पुढच्या ठोक्याची वाट बघते. तो येत नाही.

हे देवनागरीत लिहिलंय, आमच्या नात्यातल्या निम्म्या लोकांना वाचता येणार नाही. त्यांना वाचून दाखवीन. सगळं. माझं वाक्यसुद्धा.

मामा, रविवारचं चुकलं माझं.

तुमच्या दोन्ही हातांना नमस्कार.