बैलानं न ओढलेली जीप

जुन्या जीपचे सुटे भाग मोताळ्यात मिळत नसत. किस्से मात्र मागावे लागत नसत. गाडी कुठंही उभी केली, की चाकाला काळी माती चिकटावी तसे चिकटायचे. आता गाडी नाही, पण चिकटलेलं अजून निघालेलं नाही. परवा चहाला बसलो तर नातजावयानं विचारलं, “आबा, खरंच का हो, तुमच्या जीपवर बाया दळण घेऊन यायच्या?”

यायच्या. सांगतो. पण आधी मूळ गोष्ट ऐका, नाहीतर बाकीचं कळणार नाही.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. माझं शेत नाल्यापलीकडे. पावसाळ्यात नाला भरला, की चार चार दिवस शेताचं तोंड दिसत नसे. म्हणून मी लिलावातून मिलिटरीची जुनी जीप घेतली. गावातली पहिली मोटर. ती पाराजवळ उभी केली आणि सगळं गाव जमलं.

दादाराव पाटील गावातले मोठे शेतकरी. त्यांचे बैल तालुक्यात नावाजलेले. त्यांनी जीपला एक चक्कर मारली, चाकाला लाथ मारून पाहिली आणि म्हणाले, “भिकाजी, पावसाळा येऊ दे. रुतली म्हंजे माह्याच बैलाचे पाय धरशीन.”

मी म्हणालो, “पाटील, ज्या दिवशी ही गाडी बैलानं ओढली, त्या दिवशी मी ती विकीन.”

“समद्यायनं आयकलं बरं!” पाटील म्हणाले.

माझं शिक्षण दुसरीपर्यंत. लिहिलेलं मला फार समजत नाही. म्हणून बोललेलं मी मोडत नाही. हे गावाला माहीत होतं. त्या दिवसापासून गाव आकाशाकडे पाहू लागलं. पिकासाठी नाही, मी रुतावं म्हणून!

*

त्या जीपला तीन दांडे होते. एक गिअरचा, एक पुढची चाकं जोडायचा, एक जोर वाढवायचा. पाटलांना ते सहन होईना.

“इतके दांडे कायले?”

मी सांगितलं, “साध्या मोटरीत मागची दोनच चाकं ढकलतात. हिची मागची ढकलतात आणि पुढची ओढतात.”

पाटलांनी विचार केला.

“मंग मधात बसून तू काय करतं?”

*

गाडी अमेरिकन होती. स्टिअरिंग डाव्या हाताला. आमच्याकडे लोकांनी मोटर पाहिली होती ती सरकारी, उजव्या हाताची. डावीकडे बसतो तो साहेब आणि उजवीकडे बसतो तो ड्रायव्हर, एवढं सर्वांना पाठ.

एकदा मी बायकोला घेऊन दुसरबीडला तिच्या माहेरी निघालो. ती माझ्या उजवीकडे बसली. मांडीवर भुईमुगाच्या शेंगांची पाटी. रस्ताभर शेंगा फोडत होती. मी माझ्या सवयीप्रमाणे गप्प होतो.

आठ दिवसांनी परत आलो तर उस्मान मिस्त्री गॅरेजच्या दारात उभा. आमच्या जीपचा डॉक्टर तोच. मोताळ्याला त्याचं टिनाचं गॅरेज होतं.

“भिकाजीभाऊ, भाभीले सलाम सांगा. पूरी घाटावर एकच बात चालू हाये.”

“कोणती?”

“का मोताळ्याकडची एक बाई जीप चालवते. अन् तेही हात सोडून! दोन्ही हातानं शेंगा फोडते, नवऱ्याले बाजूले बसोते, अन् नवरा घाबरून एक शब्द बोलत नाही!”

मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “मंग त्यात खोटं काय हाये?”

*

नाला ओलांडताना मागच्या धुराच्या नळीत पाणी शिरायचं आणि इंजिन बंद पडायचं. उस्माननं तोड काढली. नळी वाकवून वर घेतली, छपराच्याही वर. टोकाला पत्र्याचा एक डबा बसवला, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून. काम पक्कं झालं. छातीभर पाण्यातून गेलो असतो तरी धूर वरूनच निघाला असता.

पण त्या डब्यामुळं आवाज बदलला. पुक्... पुक्... पुक्...

हा आवाज आमच्याकडे एकाच गोष्टीचा. पिठाच्या गिरणीचा! गिरणी चालू झाली हे गावाला त्या पुकपुकीवरूनच कळायचं. बायका घरातून ऐकायच्या आणि टोपली उचलायच्या.

मी पहिल्यांदा एका वाडीतून गेलो. वळून पाहतो तर मागे पाच बाया, डोक्यावर ज्वारीच्या टोपल्या, पळत येऊन राहिलेल्या. गाडी थांबवली.

एक म्हातारी धापा टाकत म्हणाली, “थांब न रे बाबा! गिरनी एका जागी ठेवाव का अशी गावभर पळवाव?”

मी म्हणालो, “बाई, ही गिरणी नाही.”

तिनं नळी पाहिली. डबा पाहिला. मला पाहिलं. मग बाकीच्यांना म्हणाली, “चाला वं. आज मानूस दिमाखात हाये. दळत नाही म्हन्ते!”

*

काळी माती ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. चाकाला लागली की लागतच जाते. चाक फुगतं, वरच्या पत्र्याला घासतं आणि अडून बसतं. चारही चाकं ओढत असली तरी फिरायला जागा नको का?

मीच डोकं चालवलं. चार खुरपी घेतली. उस्मानकडून प्रत्येक चाकामागं एक बसवून घेतलं. चाक फिरलं की खुरपं माती खरवडून काढेल. कल्पना चांगली होती. अजूनही चांगली वाटते.

दुसऱ्या दिवशी पाटलांच्या शेताच्या कडेनं निघालो. वाट निसरडी. गाडी घसरून त्यांच्या कपाशीत शिरली. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर रुतलो असतो, आणि रुतलो असतो तर बैल आले असते. सरळ शेताच्या पलीकडच्या बांधावरून निघालो. शेतात शिरतानाच्या धक्क्यानं दोन खुरपी वाकून जमिनीला टेकली होती. हे मला नंतर कळलं.

संध्याकाळी पाटील दारात. मी समजलो, भांडण. नुकसान भरून द्यायची तयारी ठेवली.

“भिकाजी, तू माह्या वावरातून गेला?”

“गेलो.”

“पऱ्हाटीची दोन झाडं मोडली.”

“कबूल आहे.”

“पन दोन ओळीतलं तण असं सफाईनं काढलं का माह्या गड्यायले नाही जमत! बाकीच्या ओळीनं काय पाप केलं? उद्या येजो!”

*

एकदा पेट्रोलचा पंप गेला. इंजिनापर्यंत पेट्रोल चढेना. आम्ही घाटाच्या पायथ्याशी, आणि जायचं बुलढाण्याला. कोर्टात तारीख होती, पाटलांचीच. बांधाच्या भांडणात ते वादी होते आणि त्यांची रेंगी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, मोडली म्हणून ते माझ्या जीपमध्ये होते. नाइलाजानं.

उस्मान सोबत होता. तो बॉनेटवर चढून बसला. पेट्रोलचा डबा डोक्यावर धरला, डब्यातून रबरी नळी खाली इंजिनात सोडली. “चला,” म्हणाला.

गाडी निघाली. अर्धा घाट चढलो. वास आला म्हणून पाहतो तर उस्मानच्या तोंडात पेटलेली बिडी!

मी ओरडलो, “उस्मान, बिडी फेक!”

तो वळून म्हणाला, “फेकली तं झोप येते, भाऊ. झोप आली तं डबा पडते. सोचून सांगा!”

मी सोचत होतो. तेवढ्यात पाटलांनी मागून माझा खांदा धरला.

“त्याले बिडी पिऊ दे,” ते हळूच म्हणाले. “पन मले उतरव.”

पाटील उरलेला घाट पायी चढले. कोर्टात आमच्या आधी पोचले!

*

आता शेवटचं. हे मी सहसा सांगत नाही.

तीन पावसाळे गेले. मी बऱ्याचदा रुतलो, पण बैल लावू दिला नाही. कधी फळ्या टाकल्या, कधी चाकांना साखळ्या बांधल्या, एकदा सुलतानपूरकडे रात्रभर गाडीतच बसून राहिलो आणि सकाळी ऊन पडल्यावर निघालो. माझा शब्द शाबूत होता.

मग पोळा आला.

पोळ्याचं तुम्हाला ठाऊक आहे. आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीनं मळायचे आणि त्याला म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. दुसऱ्या दिवशी बैलाच्या मानेवर जू नाही, काम नाही. त्या दिवशी बैलाला राबवलं तर त्यासारखं पाप नाही. आणि तोरणाखालून पहिला जाण्याचा मान आमच्या गावात पाटलांच्या हौशा बैलाचा. त्यांच्या घराण्यात तो मान पिढ्यान् पिढ्या. दुसरा नंबर रामभाऊंच्या बैलाचा. रामभाऊ वीस वर्षं दुसरेच होते.

सकाळी हौशाला नदीवर धुवायला नेलं. पुरानं गाळ आला होता. हौशा गाळात पोटापर्यंत रुतला. माणसांनी ओढून पाहिलं. हलेना. बैलजोडी लावली असती तर निघाला असता. पण पोळा! त्या दिवशी जोडी जुंपणार कोण?

पाटील माझ्या दारात आले. अनवाणी. मान खाली. म्हणाले, “तुह्यी ते... चारही चाकं ओढतेत ना बे?”

मी जीप काढली.

उस्मान पोळ्याला आमच्याकडे जेवायला आलेला होता, तोही बसला. नदीवर सगळं गाव. हौशाच्या छातीखालून पोतं आणि विहिरीचा नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, घेतला, दुसरं टोक जीपच्या पुढच्या हुकाला. पुढची चाकं जोडली, जोराचा दांडा ओढला आणि गाडी मागे घेऊ लागलो. पुक्... पुक्... पुक्... हौशा हातभर वर आला. लोकांनी आरोळी ठोकली.

आणि पुढच्या चाकांखालचा काठ खचला!

जीपचं तोंड पाण्यात गेलं. इंजिन बंद. उस्माननं पाण्यात उडी मारली, बॉनेट उघडलं आणि बॅटरी भिजू नये म्हणून काढून डोक्यावर घेतली. मी स्टिअरिंग धरून बसलेला.

इकडे हौशाच्या खुरांना मुरूम लागला होता. त्यानं एक हिसका दिला आणि बाहेर आला. अंग झटकलं. उभा राहिला. मग त्याला घर आठवलं. पोळ्याच्या दिवशी घरी पुरणाची पोळी असते हे बैलालाही कळतं. तो निघाला.

नाडा ताणला. जीपचं तोंड वळलं. मग जीपही निघाली.

गिअर न्यूट्रलला कसा आला हे माझ्या शेजारून उडी मारलेल्या उस्मानलाच ठाऊक. त्यानं मरेपर्यंत सांगितलं नाही. पुढे हौशा, मागे जीप, जीपमध्ये मी, मागे डोक्यावर बॅटरी घेतलेला उस्मान, त्यामागे सगळं गाव. हौशा पाटलांच्या दारात थांबला तेव्हाच जीप थांबली.

मी घरी गेलो. पेटीतून गाडीचे कागद काढले. बायको म्हणाली, “जेवून तं जा.” मी जेवलो नाही.

दुपारी तोरणाखाली सगळे बैल सजून उभे. हौशा पहिला, अंगावर झूल, शिंगांना बेगड. मी पुढे गेलो. म्हणालो, “मंडळी, मी तीन वर्षांमागे पारावर शब्द दिला होता. आज सकाळी बैलानं माझी जीप ओढली. मी गाडी विकतो. हे कागद.”

रामभाऊ ताडकन पुढे आले. “आयकलं का? भिकाजी खोटं बोलत नाही! पोळ्याच्या दिवशी पाटलाच्या बैलानं काम केलं! गाडी ओढली! असा बैल तोरणाखालून पहिला जाईन का?”

हलगी थांबली. पाटलांचा चेहरा उतरला. मग एकदम लाल झाला.

“कोन म्हन्ते ओढली? हौशा आपल्या घरी येऊन राह्यला होता!”

“अन् जीप?”

“जीपबी येऊन राह्यली होती. आपल्या मनानं!”

“इंजन बंद होतं, पाटील! बॅटरी मिस्त्रीच्या डोक्यावर होती!”

“उताराले इंजन लागते काय बे?”

“नदीतून वर गावात येतानी उतार?”

“माह्या घराकडे उतारच हाये!”

“अन् दोर? दोर काऊन बांधला होता?”

पाटलांनी हौशाकडे पाहिलं. आपल्या दारात उभ्या जीपकडे पाहिलं. “जीप वाट चुकू नये म्हून!”

लोक हसले. मी हसलो नाही. मी म्हणालो, “पाटील, तुम्ही काहीही म्हणा. मला ठाऊक आहे काय झालं. माझा शब्द आहे. मी गाडी विकणार.”

पाटील माझ्याजवळ आले. कागद माझ्या हातातून घेतले, घडी घातली आणि माझ्याच खिशात कोंबले.

“विकून तं पाह्य,” ते म्हणाले. “तू गाडी विकली, तं लोक म्हनतीन, बैलानंच ओढली!”