मागेल त्याला खुर्ची

धुकं असं दाटलं होतं, की काचेपलीकडची विमानं कुणी फडक्याने पुसून टाकावीत तशी दिसेनाशी झाली होती. पहाटेपासून एकही उडालं नव्हतं. मामांना त्याचं नवल नव्हतं. ते आपले विमानतळाच्या दाराजवळच्या कोपऱ्यात चाकांच्या खुर्च्यांचे ब्रेक तपासत होते. खुर्चीत स्वतः बसायचं, ब्रेक ओढायचा, पायांनी जमिनीला रेटा द्यायचा. हलली नाही, की पुढची. मग सीटवरचा बिस्किटांचा चुरा झटकायचा, पाय ठेवायच्या पट्ट्या पुसायच्या. अशा आठ खुर्च्या.

मामा म्हणजे नक्की कुणाचे मामा, हे विचारू नये. तीस वर्षं ते चालता न येणाऱ्यांना दारापासून विमानापर्यंत ढकलत नेतात, आणि खुर्चीत बसलेलं माणूस पहिल्याच वळणावर ‘मामा, जरा हळू’ म्हणतं. तेच नाव पडलं. घरी बायकोसुद्धा रागावली, की ‘उठा मामासाहेब’ म्हणते.

साडेआठला धुकं विरलं आणि अडकून पडलेली सगळी विमानं एकदम निघायच्या गडबडीला लागली. तपासणीच्या दारापुढे रांगेने तीन वळसे घेतले. रांग लांबली, की माणसांच्या अंगात काय काय संचारतं, ते मामांनी जेवढं पाहिलंय तेवढं क्वचितच कुणी पाहिलं असेल. कुणी बड्या साहेबांचा साडू निघतो. कुणी ‘मी कोण आहे ठाऊक आहे का’ म्हणून विचारतो, जणू स्वतःच विसरलाय. आणि ज्यांचा कुठेच वशिला नसतो, त्यांचे गुडघे दुखायला लागतात. कारण खुर्चीवाल्यांसाठी बाजूचं वेगळं दार आहे आणि तिथे रांग नाही.

तासाभरात सात खुर्च्या गेल्या. त्यातले एक धट्टेकट्टे गृहस्थ बाजूच्या दाराने आत पोचले आणि टुणकन उठून कॉफीच्या दुकानाकडे चालायला लागले.

“बरे झाले वाटतं ते,” त्या दारावर तपासणी करणारी मुलगी म्हणाली.

“आमच्या खुर्चीत गुणच आहे, बाळा. दहा मिनिटांत फरक.”

“पण मामा, तुम्ही माणूस बघून का देत नाही?”

“बघूनच द्यायचो पूर्वी. म्हणून तर आता बघत नाही.”

पूर्वी म्हणजे जुन्या इमारतीत. ती इमारत कसली, एक लांबोडकं दालन. वर पत्रा, मध्ये दोन पंखे, सामानाचा वजनकाटा किराणा दुकानातल्यासारखा. विमान दिवसातून दोनदा यायचं. शिडीपर्यंत उन्हातून चालत जायचं, आणि एखादं माणूस मागे राहिलंच, तर शिडीवरचा माणूस हात कपाळाला लावून वाट बघायचा. खुर्च्या चार. त्यातली एक अशी डावीकडे ओढायची, की बसणाऱ्याला वाटावं, आपल्याला परत घरी नेतायत.

खिडकीवर बाई बसायच्या. तिकीट बघून पेनाने सीटचा नंबर लिहून द्यायच्या, वळणदार अक्षरात. सगळे त्यांना पाठीमागे फूटपट्टी म्हणायचे. रांग म्हणजे रांग. एकदा त्यांचा सख्खा दीर हसत हसत पुढे आला, तर म्हणाल्या, “भावोजी, शेवटचा माणूस तो बघा, निळ्या शर्टातला. त्याच्या मागे.” दीर सहा महिने घरी आला नाही.

खुर्ची कुणाला खरंच हवी आणि कोण रांग चुकवायला बघतंय, याची पारख मामांकडे होती. मामा तेव्हा पंचविशीचे, आणि स्वतःला फार शहाणे समजणारे. ते बुटांचे तळ बघायचे. लंगडणाऱ्याची एक टाच जास्त झिजलेली असते. काठी टेकणाऱ्याचा तळ एका अंगाला घासलेला असतो. मामा मुद्दाम पेन पाडायचे, ते उचलायला वाकायचे, तळ बघायचे आणि उठताना पेन कानावर ठेवायचे. उजव्या कानावर म्हणजे खरं, डाव्या कानावर म्हणजे सोंग. बाई तिकडून फक्त कान बघायच्या. दोघांना या युक्तीचं मोठं कौतुक होतं.

एके दिवशी करड्या कोटातले एक म्हातारे आले. आवाज इतका हळू, की बाईंना खिडकीतून मान बाहेर काढावी लागली. “एखादी खुर्ची मिळेल का?” मामांनी पेन पाडलं. बुटांचे तळ कोरे, आत्ताच खोक्यातून काढल्यासारखे. नवे बूट घालून रुबाबात निघालेला माणूस. पेन डाव्या कानावर गेलं.

“काका, रांगेत या,” बाई म्हणाल्या.

म्हातारे रांगेत राहिले. मग शिडीकडे निघाले आणि अर्ध्या वाटेत वजनकाट्याला धरून उभे राहिले ते राहिलेच. गर्दीत कुणाच्या लक्षात आलं नाही. विमान गेलं.

मामा धावले, त्यांना बाकावर बसवलं. तेव्हा कळलं, की चार वर्षांत ते घराबाहेर पडले नव्हते. पलंग ते मोरी, मोरी ते पलंग. बूट त्याआधी नुकतेच घेतलेले, तेव्हापासून पडून होते; चालणंच नाही तर तळ झिजणार कसे? पलीकडच्या शहरात थोरला भाऊ इस्पितळात होता, त्याला भेटायला निघाले होते. दुपारचं विमान भरलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी त्यांना खुर्चीतून शिडीपर्यंत नेलं, बाई शेजारून पिशवी घेऊन चालल्या. भाऊ भेटला की नाही, ते दोघांना कधीच कळलं नाही.

परत येताना बाईंनी मामांच्या कानावरचं पेन काढून घेतलं. “आजपासून मागेल त्याला खुर्ची. बघायचं नाही, जोखायचं नाही. दहा लबाड बसले तरी चालतील.”

नवी इमारत झाली, बाई निवृत्त झाल्या, त्यालाही सहा वर्षं झाली. मामांनी तो नियम सोडला नाही. बरोबरचे लोक हसतात, हसू देत.

आठवी खुर्ची घेऊन मामा रांगेच्या कडेने निघाले आणि तिसऱ्या वळशात थबकले. बाई उभ्या होत्या. केस पांढरे, बॅग दोन्ही हातांनी धरलेली, सगळं वजन एका पायावर.

“मामा? अजून ढकलताय?”

“माझ्याशिवाय कोण ढकलणार? कुठे निघालात?”

“लेकीकडे. दिवस भरलेत तिचे, आणि जावई बाहेरगावी. शेजारीण तेवढी सोबतीला आहे.” त्यांनी घड्याळ बघितलं. “वीस मिनिटांत विमानाचं दार बंद होईल.”

पुढे शंभरेक माणसं होती. मामांनी नियम मोडून खाली बघितलं. चपलेची उजवी टाच कागदासारखी पातळ झाली होती.

“बसा, बाई.”

“नको. माझ्यापुढे इतकी माणसं आहेत. जन्मभर लोकांना रांगेत उभं केलं मी.”

तेवढ्यात मागून एक गॉगलवाले गृहस्थ आले. “ही खुर्ची मला द्या. कंबर धरलीय माझी. तुमच्या मोठ्या साहेबांना फोन लावू का?”

मामांच्या ओठांवर उत्तर आलं होतं, पण नियम समोर उभा होता. या माणसाने मागितली होती. बाईंनी नाही.

“बाई,” मामा हळूच म्हणाले, “नियम तुमचा आहे. मागेल त्याला. मी हात धरून बसवणार नाही. हे मागतायत. तुम्ही मागितलीत, तर रांगेत तुम्ही पुढे, म्हणून तुम्ही पहिल्या.”

“मागता येत नाही हो मला.”

“त्या काकांनाही कुठे येत होतं? तरी मागितली त्यांनी.”

बाई रांगेकडे बघत राहिल्या. पुढचं माणूस पाऊलभर सरकलं. त्यांनी बॅग उचलायला घेतली, गुडघा वाकेना, आणि बॅग तिथेच राहिली.

“एखादी खुर्ची मिळेल का?” त्या म्हणाल्या. आवाज इतका हळू, की मामांना वाकावं लागलं.

गॉगलवाल्यांना थांबायला सांगून मामांनी बॅग बाईंच्या मांडीवर ठेवली आणि बाजूच्या दाराने खुर्ची काढली. लांब गुळगुळीत मार्गिकेत दोघंच. “इथे कुठेतरी आपली खिडकी असेल ना?” बाईंनी विचारलं. मामांनी अंदाजाने अत्तराच्या दुकानाकडे बोट दाखवलं. मग वजनकाट्याची आठवण निघाली, दिराच्या रागाची निघाली, डावीकडे ओढणाऱ्या खुर्चीची निघाली, आणि बाई इतक्या हसल्या, की त्यांना पदर डोळ्यांना लावावा लागला. त्या काकांचं नाव दोघांनाही आठवेना.

विमानाच्या दाराशी सहा मिनिटं उरली होती.

“‘मामा, जरा हळू’ म्हणायचं राहिलं माझं,” बाई म्हणाल्या.

“बाळ झालं की कळवा. इथल्या फोनवर मामा म्हटलं तरी पुरतं.”

बाई कठड्याला धरून आत गेल्या. मामा गॉगलवाल्यांसाठी खुर्ची बघायला वळले. वाटेत, विमानातून उतरलेल्या प्रवाशांच्या दाराशी दोन रिकाम्या खुर्च्या आडव्यातिडव्या पडल्या होत्या. एकीच्या चाकात लोकरीचा धागा गुंतला होता. मामा उकिडवे बसले आणि नखाने तो सोडवायला लागले.