कॉइलवरचा आकडा

आकडा एकच असला की कुठलीबी कॉइल चालते, असं रिपेरिंगवाल्यांच्या या ग्रुपवर महिनाभर मीच भांडत होतो. आता ते म्हणणं मी मागं घेतो.

सुट्टीत पैठणला गेलो होतो, तवा अक्काच्या अंडी उबवायच्या मशीनचं बोर्ड बंद पडलं होतं. गुलमंडी बाजारातल्या एका दुकानातून भंगार बोर्ड आणलं आणि त्यावरची चौकोनी कॉइल काढून बसवली. दोन्हींवर १०० लिहिलेलं. जुनी जाड होती, ही पातळ. मी बघितलं, पण मनावर घेतलं नाय. पंधरा मिनिटं चालवून हैदराबादला निघून आलो.

आज सकाळी अक्काचा फोन आला. "बाबू, मशीन थंड पडलंय रे. एकोणीस दिवस झाले होते, दोन दिवसांत पिल्लं निघाली असती. काल कान लावला तर पिल्लं आतून चिवचिवत होती. आता एकबी बोलंना."

मागून दाजी म्हणाले, "लई मोठा इंजिनिअर तुझा भाऊ!"

"त्याला काय बोलू नका, लाइटच वरखाली होती."

इथं ज्यांच्या हाताखाली काम करतो त्या उस्तादांना दुकानात विचारलं. हीटर आणि पंखा एकदम चालले की करंट वाढतो. पातळ कॉइलला तो झेपत नाय, ती तापते आणि सोबत बोर्डावरची आयसीबी जाळते. किती करंट झेपतो ते कॉइलवर लिहिलेलंच नसतं.

मी आठवी नापास. कंपनीची डेटाशीट, ज्यात हे सगळं लिहिलेलं असतं, ती वाचता येत नाय, पण तवा उस्तादांना फोन करून विचारता आलं असतं.

तुमच्यातले किती जण नुसता आकडा बघून बसवतात?

लाइटचा दोष नव्हता, हे अक्काला आताच सांगितलं. वाया गेलेल्या शंभर अंड्यांचे आणि नव्या बोर्डाचे मिळून चार हजार पाठवतोय.