मंदाच्या हातची सुई

आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, नई सडकेवरच्या दुकानात मी ब्लाउजचे हूक घेत होते. मंदानंच आणायला सांगितले होते. "सफेद दूँ या काले?" दुकानदार विचारत होता, तेवढ्यात तिच्या लेकीचा फोन आला. "मावशी, आई नाही राहिली..." हृदय अचानक बंद पडलं होतं. मंदा माझी मावसबहीण, वर्षानं धाकटी. आज दीड महिना झाला, आता खोटं कशाला सांगू? रडू फुटायच्या आधी मनात आलं ते हेच, की इथंही ही माझ्या पुढे गेली.

मी जन्मभर तिचा मत्सर केला. सुरुवात झाली मला बघायला आलेल्या पाहुण्यांपासून. मुलगा देखणा, ठेकेदारीत जम बसलेला. त्याच्या आईनं मला चालायला लावलं, उंची विचारली, नजर चांगली आहे का पाहायला सुईत दोरा ओवायला दिला. माझा हात असा थरथरला, की दोरा काही जाईना. पोहे घेऊन आलेल्या मंदानं हसत सुई माझ्या हातून घेतली आणि एका फटक्यात ओवली. आठ दिवसांनी होकार आला, तो तिच्यासाठी! मुलाला मात्र आमच्याकडच्या कुणी काही विचारलं नाही. पत्रिका जुळली, झालं.

पुढे तिच्या अंगावरचे दागिने मी मोजून पाहायची आणि जळायची. एकदा भर दुपारी ती थाटीपुरला आमच्या क्वार्टरवर आली. नवरा कामासाठी महिना महिना बाहेर, आणि तिथल्या त्याच्या भानगडी तिच्या कानावर आलेल्या. "अक्का, मी त्यांना म्हणू का, पहले रक्ताची जाँच करवा, मग माझ्याजवळ या?" मी म्हणाले, "असा नवरा मिळालाय, म्हणून नखरे सुचतात तुला. नवऱ्याला असलं विचारतात का?" वाक्य आमच्या आया-मावश्यांचं होतं, पण त्यामागचा आनंद माझा होता... तिच्या संसाराला तडा गेल्याचा आनंद. ती तशीच उन्हात घरी गेली.

पुढे तिचा नवरा आजारी पडून वारला तेव्हा तिचीही तपासणी झाली आणि कळलं, की त्याचा एचआयव्ही तिलाही झालाय. सासूनं उलट तिलाच पांढऱ्या पायाची ठरवलं. वाटलं, आता तरी माझा मत्सर संपेल. कसला संपतोय! नेमानं औषधं घेत ती उभी राहिली, खासगी बाजार नावाच्या मोहल्ल्यात दोन खोल्या घेऊन ब्लाउज शिवू लागली. मापं घेता घेता प्रत्येकीला विचारायची, "नवऱ्याची जाँच झाली? आणि तुझी?" काहीजणी पुन्हा फिरकल्या नाहीत. पण ज्या यायच्या, त्या तिच्यापाशी मन मोकळं करायच्या. सवाष्ण मी, हळदीकुंकवाला मान माझा, आणि बायका बसायच्या हिच्या दारात.

शेवटचं भेटलो तेव्हा ती माझा ब्लाउज शिवत होती, आणि तिची नजर अधू झाली होती. "अक्का, दोरा ओवून दे ना." मी ओवला, या वेळी पहिल्याच खेपेला. ती म्हणाली, "जीजाजी नोकरीसाठी इंदूरला असतात. तू विचारलंस त्यांना?"

"आमचे हे तसले नाहीत."

"आमचे पण नव्हते," ती हसून म्हणाली.

मग मीच कसंबसं विचारलं, "त्या दुपारचा राग आहे का गं माझ्यावर?"

"आहे ना. खूप आहे. तू विचार, मग जाईल."

तिच्या लेकीनं तो ब्लाउज मला आणून दिला. हूक तेवढे लागायचे राहिलेत. काठाला मी ओवलेली सुई तशीच टोचलेली आहे. परवाच्या रविवारी हे घरी आले, तेव्हा मी तो मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले, "उद्या आपण दोघं एचआयव्हीची तपासणी करून येऊ." हे म्हणाले, "मुझपे शक करतेस? लोक काय म्हणतील?" मग पेपर उघडून म्हणाले, "चहा टाक."

हात थरथरत होता, अगदी तेव्हासारखाच. पण मी उठले नाही. सुई घट्ट धरली आणि पुन्हा विचारलं.